मी लपवलेला कौल

देवाने उजवा कौल दिला होता. मी घरी येऊन डावा पडला असं सांगितलं. पुढची चार वर्षं हे मी कुणाजवळ बोललो नाही, आणि त्या चार वर्षांत ते आठवलं नाही असा एक दिवस गेला नाही.

आमच्याकडची पद्धत ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. गावात काही अडलं, म्हणजे लग्न जमत नसलं, जमिनीचा तंटा मिटत नसला, आजारी माणसाला कुठे न्यावं ते कळत नसलं, की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी आधी गळाली तर होकार, डावीकडची गळाली तर नकार. मी मालवणात एका शाळेत क्लार्क आहे. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनाही मी तिथे हात जोडून उभं राहिलेलं पाहिलं आहे. देवाने दिलेला कौल न पाळणारे थोडे असतील. तो बदलून सांगणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

प्रश्न माझ्या मोठ्या भावाचा होता. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तेव्हा बावन्नचा. तारकर्लीच्या रस्त्याला आमचं घर आहे. घरामागच्या माडांत त्याने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. वहिनी जेवण करायची, तो पाहुण्यांना वाढायचा आणि जेवताना त्यांची थट्टा करायचा. पुण्याची माणसं बांगड्याचे काटे काढताना चाचपडायला लागली की हा समोर उभा राहून म्हणायचा, "सावकाश, सावकाश, तो आता खंय पळाचो नाय." घरातले निर्णय तोच घ्यायचा. वडील गेल्यापासून मी कसला म्हणून निर्णय घेतला नव्हता. मला त्याची गरजही वाटली नव्हती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो आणि वहिनी एकाच आठवड्यात आजारी पडले. वहिनी घरीच बरी झाली. दादाचा ऑक्सिजन उतरत गेला. जिल्ह्यातल्या दवाखान्यात चार दिवस काढले आणि मग फोंडाघाट चढून त्याला कोल्हापूरला एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. वहिनीला जिना चढला तरी धाप लागत होती, म्हणून ती गावी राहिली. मी कोल्हापुरात एका ओळखीच्यांची खोली घेतली.

पाच आठवडे झाले. विषाणूची चाचणी केव्हाच निगेटिव्ह आली होती, पण नाकातल्या त्या जाड नळ्या निघत नव्हत्या. मोठ्या दाबाने ऑक्सिजन आत जायचा आणि त्याचा आवाज दाराबाहेरपर्यंत यायचा. नळी क्षणभर बाजूला झाली तरी दादाच्या ओठांचा रंग बदलायचा. दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात मी रोज मशीनवरचे आकडे वहीत लिहून घेत असे. एखाद्या दिवशी आकडा थोडा कमी झाला की वहिनीला फोन करायचा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर जायचा. त्याचा फोन मी करत नसे.

मग एका सकाळी छातीच्या डॉक्टरीणबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी दादाच्या छातीची दोन स्कॅन शेजारी शेजारी लावली होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दुसऱ्या चित्रात वाळलेल्या घोसाळ्याच्या आत असते तशी जाळी दिसत होती, ती माझ्याही लक्षात आली.

"विषाणू गेला," बाई म्हणाल्या. "हे त्याने मागे ठेवलेले व्रण आहेत. पहिल्या महिन्यात तुम्ही स्वतः विचारलं असतं तरी मी हा विषय काढू दिला नसता. काही फुफ्फुसं उशिरा का होईना, भरून येतात. भरून येणारं फुफ्फुस काढून टाकायचं म्हणजे गुन्हाच. पण यांचं तसं होत नाहीये. आकसत चाललंय."

"म्हणजे बदलायचं?"

"बदला असं मी म्हणत नाही. बदलणाऱ्यांना दाखवू या असं म्हणतेय. चेन्नईला प्रत्यारोपण करणारे लोक आहेत. ते तपासतील. कदाचित नाही म्हणतील. हो म्हणाले तर यादीत नाव लागेल आणि मग वाट बघायची. पण आज यांची किडनी चांगली आहे, हृदय चांगलं आहे, शुद्धीवर आहेत, खुर्चीत बसतात, चार पावलं टाकतात. हे सगळं आहे तोवरच विचारण्यात अर्थ आहे. व्हेंटिलेटर लागला, जंतू शिरले, पायातली ताकद गेली, की तेच लोक दार लावून घेतील."

"वाटेतच काही झालं तर?"

"होऊ शकतं. ऑपरेशनच्या टेबलावर होऊ शकतं. सगळं नीट झालं तरी जन्मभर औषधं, जन्मभर जपणं. मी तुम्हाला खात्री देत नाहीये. वेळ कुठली ते सांगतेय. दोन दिवसांत कळवा."

खर्चही त्यांनी सांगितला. तो मोठा होता, पण मुंबईतले नातेवाईक आणि माडांची जागा धरून उभा राहण्यासारखा होता. पुढे काही लोकांना मी पैशांमुळे अडलं असं सांगितलं. तेही खरं नव्हतं.

दादाच्या खाटेशी गेलो. बाई त्याच्याशी आधीच बोलल्या होत्या. तो दोन शब्द बोलायचा, थांबायचा, पुन्हा दोन बोलायचा.

"तुझ्या स्कूटरचा इंजिन बदल म्हणान... तुका कितके येळा सांगलंय. तां ऐकलस नाय. आता माझाच... बदलूक निघालास?"

मी हसलो. त्याला अजून बोलायचं होतं.

"दुसऱ्याच्या फुफ्फुसान... तुका गाळी घातलंय, तर पाप कोणाक लागात रे?"

"तू आधी बरो हो, मगे बगूया."

मग तो थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला आणि म्हणाला, "देवाक विचार. तो व्हय म्हणालो... तर जातलंय मी. माका भय नाय."

हे शब्द मी अनेकदा मनात उलटसुलट करून पाहिले आहेत. त्यांचा एकच अर्थ होतो. त्याला जायचं होतं, देवाचा हात पाठीवर असला की झालं. मी तेव्हा सरळ विचारायला हवं होतं की देव राहू दे, तुला काय वाटतं? तो शुद्धीवर होता. छाती त्याची होती. पण लहानपणापासून त्याने ठरवायचं आणि तो सांगेल ते मी करायचं अशी आमची सवय. त्या सवयीत राहणं मला सोयीचं होतं.

त्याच दिवशी जिल्हा ओलांडायचा पास घेऊन गावी आलो. वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "देवाकच विचारा, भावजीनू. तो सांगात तसा करूया." दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेलो. लॉकडाऊनमुळे देवळं बंद होती, गुरवाने माझ्यापुरतं दार उघडलं. नेहमी कौल लावताना दहा-बारा माणसं तरी असतात, मानकरी असतात. त्या दिवशी गुरव आणि मी. मी असं केलं ते कुणी बघणारं नव्हतं म्हणूनही असेल.

गुरव म्हातारा, मला लहानपणापासून ओळखणारा. म्हणाला, "काय विचारूचा?"

"दादाक लांब चेन्नईक न्हेवचो काय?"

त्याने कळ्या लावल्या. दादाचं नाव घेतलं, आमच्या घराचं नाव घेतलं, लेकराला वाट दाखव म्हणाला. मी डोळे मिटले नव्हते. मी डाव्या कळीकडे बघत होतो. ती पडावी म्हणून बघत होतो. उजवी पडली. गुरवाचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत पडली.

"उजवो!" तो म्हणाला. "झिला, आता रवा नको. न्हे तेका."

देवळापासून घरापर्यंत स्कूटरवर दहा मिनिटं. तोंडातून चुकून निघालं असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी वाटेत एका ठिकाणी स्कूटर थांबवली होती आणि पाचेक मिनिटं तिथे उभा होतो. मला दिसत होतं की दादाला विमानात घातलंय आणि तो विमानातच गेला. किंवा चेन्नईत गेला, जिथे आमचं कुणी नाही, भाषा कळत नाही, आणि मी एकटा एक शवपेटी घेऊन परत येतोय. गावात दवाखान्यातल्या खाटेवर माणूस गेला तर लोक आयुष्याची दोरी म्हणतात. हलवला आणि गेला, तर कुणी हलवला ते विचारतात. मला ते नाव नको होतं. भावाच्या जिवापेक्षा मला माझ्यावर येणाऱ्या बोलाची भीती जास्त वाटली. शिवाय आदल्या दिवशी मशीनवरचा आकडा थोडा उतरला होता. कदाचित तो असाच उतरत जाईल, आपण काही न करता सगळं नीट होईल, अशी मी माझी समजूत घातली.

वहिनी दारापुढच्या खळ्यात उभी होती. "काय झाला?"

"डावो पडलो," मी म्हणालो.

ती तिथेच पायरीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. मला वाटलं, बघ, तिलाही हेच हवं होतं. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोचलो तर वॉर्डातली सिस्टर कौतुकाने सांगायला लागली, "तुमचे दादा कालपासून ऐकत नाहीत. सारखं उभं करा म्हणतात. खाटेला धरून जागच्या जागी पावलं टाकतात आणि मला मोजायला लावतात. चालणाऱ्यालाच घेतात ना चेन्नईवाले, म्हणतात." मी आत गेलो. तो खुर्चीत बसला होता, केस विंचरलेले.

"काय म्हणालो देव?"

"डावो."

त्याने पुन्हा विचारलं, "डावो?"

"व्हय."

"बरां," तो म्हणाला. "मगे रवतंय हयसरच."

त्याने सिस्टरला खूण करून खाटेवर झोपवायला सांगितलं. त्यानंतर तो पावलं टाकायला उठला नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी यायची, विनवायची. तो नम्रपणे मान हलवायचा. मी ते रोज बघत होतो. एक वाक्य बोललो असतो तर तो उठून उभा राहिला असता.

डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं की घरच्यांनी थोडं थांबायचं ठरवलंय. कौलाचं बोललो नाही. "कशासाठी थांबताय?" त्यांनी विचारलं. मी मशीनवरच्या उतरलेल्या आकड्याचं काहीतरी सांगितलं. "थांबताय म्हणजे काही करत नाही असं समजू नका," त्या म्हणाल्या आणि कागदावर माझी सही घेतली.

नवव्या दिवशी दादाला ताप भरला. फुफ्फुसात जंतू शिरले होते. दोन दिवसांनी एका बाजूचं फुफ्फुस फुटून हवा छातीत साठली, नळी घालावी लागली, आणि त्याच दुपारी व्हेंटिलेटर. बेशुद्ध करण्याआधी मला दोन मिनिटं आत सोडलं. तो बोलू शकत नव्हता. त्याने माझा हात धरला, तरी मी खरं सांगितलं नाही. "होतला सगळा बरां," एवढंच म्हणालो.

मग मीच बाईंकडे धावलो. "आता न्यायचंय. आजच. काय लागेल ते करतो." त्यांनी माझ्यासमोर चेन्नईच्या डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावला. तिकडून विचारत होते आणि या उत्तर देत होत्या. शुद्धीवर आहे का? नाही. पाय हलवतो का? नाही. ताप? आहे. किडनी? बिघडायला लागलीय. तिकडच्या माणसाचा आवाज समजूतदार होता. त्याने दार आपटलं नाही. आत्ता नाही, म्हणाला. जंतू गेले, शुद्धीवर आला, तर पुन्हा बोला.

मी बाईंना विचारलं, "तेव्हा नेलं असतं तर?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हाही ते नाही म्हणाले असते कदाचित. यादीत वाट बघताना गेले असते कदाचित. पण तेव्हा विचारता आलं असतं."

मी आजही त्याहून जास्त काही सांगू शकत नाही. मी दादाला मारलं असं म्हणायलाही माझ्याकडे पुरावा नाही. माझ्याजवळ एवढंच आहे की त्याला विचारायची एक वेळ होती आणि ती मी त्याच्यापासून काढून घेतली.

तो अकरा दिवस तसाच होता. एकदा मी त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. ते मी माफीत धरत नाही. तो ऐकू शकत नव्हता म्हणूनच मी बोलू शकलो. तो गेला तेव्हा वहिनी पोचली नव्हती, घाटात होती.

पुढे गुरव एकदा वाटेत भेटला. "न्हेलास नाय मगे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, डॉक्टर नको म्हणाले. त्याने मान हलवली. त्याच पावसाळ्यात तोही गेला. त्याच्यानंतर खरं माहीत असलेला मी एकटाच उरलो.

घरात दिवस चालले. खोल्या पुन्हा सुरू झाल्या. भेटायला येणाऱ्यांना वहिनी सांगायची, "देवानच डावो दिल्यान. आमी काय करतलंव?" लोक माना डोलवायचे. मी तिथे बसलेला असायचो. मला वाटायचं, खोटं असलं तरी त्याचा तिला आधार आहे, तो आता कशाला काढून घ्यायचा? याच नावाखाली मी गप्प राहिलो. ती देवळात जात नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. जत्रेला ती घरीच राहायची, पालखी दारावरून गेली तरी आत जाऊन बसायची. नवरा गेल्याचं दुःख, असं मी धरून चाललो.

गेल्या मे महिन्यात मी शाळेतून लवकर आलो होतो. वहिनी मागच्या पडवीत कोकमासाठी रतांबे फोडत बसली होती, मी पाट घेऊन मदतीला बसलो. जत्रेच्या वर्गणीचा माणूस येऊन गेला होता. मी सहज म्हणालो, "औंदा तरी देवळात ये गो. लोक इचारतत."

तिने हातातला रतांबा फोडून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "भावजीनू, एक सांगू? तुमका राग येतलो."

"सांग गो."

"तुमी कौल लावूक गेलास ना, तेवा मी तुळशीकडे हुबी होतंय. देवाक म्हटलंय, डावो दी. तेंका लांब न्हेव नको. खंयचो तो मुलूख, भाशा कळाची नाय, माणूस कळाचा नाय. मरान इलाच तर माझ्यासमोर येवंदे. असा मागलंय मी. आणि तुमी येवन सांगलास, डावो पडलो."

तिने पुढचा रतांबा उचलला.

"देवान माझा ऐकल्यान. माझ्यासमोर मात्र मरान दिल्यान नाय. आता खंयच्या तोंडान पायरी चढू? माझ्यामुळेच गेले ते."

"खुळी आसस काय?" मी म्हणालो. "असा कायव नसता."

"खुळी नाय मी," ती म्हणाली. "कौल तुमी सोता बगितलास. मी मागलंय तोच पडलो."

पायरीवर बसलेली ती मला आठवली. मी जिला सुटका समजलो होतो, ती भीती होती. मागितलेलं मिळालं आणि त्याची किंमत त्याच क्षणी तिच्या लक्षात आली होती. त्या दिवसापासून ती हे घेऊन बसली होती, आणि माझ्या खोट्याचा तिला आधार आहे असं मी म्हणत आलो होतो.

तेव्हाही गप्प बसता आलं असतं. तशी सवय होती. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी अजून काहीतरी समजूत घालीन म्हणून. मी हातातला रतांबा खाली ठेवला.

"वैनी, देवान तुझा ऐकूक नाय. कौल उजवो पडलो होतो. गुरव म्हणालो, न्हे तेका. डावो मी सांगलंय. तुका सांगलंय, दादाक सांगलंय. डॉक्टरीण न्हेवा म्हणत होती, दादा जावक तयार होतो, देव पण व्हय म्हणालो होतो. भियालंय तो मी एकटो. न्हेलो असतो तर जगलो असतो की नाय, तां माका ठावक नाय, कोणाक ठावक नाय. पण तुझ्या मागण्यान तो गेलो नाय. ह्यां माझा काम. आणि चार वर्सां तू ह्यां आपल्या डोक्यार घेवन बसलस, आणि मी हयच बसान तुझा जेवण जेवलंय. माका माफ कर. दादाची माफी मागूक आता जागा नाय, तीव तुझ्याकडेच मागतंय."